अतिविषाची गाठ आणि एक चोरलेलं फूल

नात झाली तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी माळ्यावरून सासूबाईंचा गुटीचा डबा काढला. पितळेचा, झाकण इतकं घट्ट की ह्यांना हाक मारावी लागली. आत वेखंड, हळकुंड, मायफळ, मुरुडशेंग, काकडशिंगी, अर्धं जायफळ सगळं जागच्या जागी, फक्त अतिविष संपलेलं. म्हणजे तुकडा होता एक, पण उगाळून उगाळून तांदळाच्या दाण्याएवढा झालेला, माझ्या मुलाच्या वेळचाच असणार, आणि तो मुलगा आता बत्तीस वर्षांचा घोडा झालाय. म्हटलं आणून टाकू, तसंही इथे इंदुरात राजवाड्याकडे काम होतं आणि तिथून सियागंज काही लांब नाही.

सियागंजात काष्ठौषधींची दुकानं अजून आहेत, पोत्यांमधून वाट काढत जावं लागतं आणि नाकात एकाच वेळी हिंग, मिरची, धूप असं सगळं जातं. दुकानदाराने आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "बहनजी, असली चाहिए कि चालू?" आता असं विचारल्यावर चालू कोण मागेल. त्याने मागच्या फळीवरून एक बरणी काढली, त्यातून एक गाठ उचलली, करंगळीच्या पेराएवढी, राखाडी, सुरकुतलेली, एका टोकाला निमुळती, आणि माझ्यासमोर कट्कन मोडली. आत पांढरीशुभ्र. खडू मोडल्यासारखी. "ये देखो, दूध जैसी." भाव सांगितला तो मी इथे लिहीत नाही, पण मी दोनदा विचारून घेतला की हा किलोचा का शंभर ग्रॅमचा. "पहाड़ से आती है बहनजी, अब मिलती कहाँ है," एवढं बोलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी त्या मोडलेल्या गाठीचे दोन तुकडे आणि आणखी दोन गाठी अशा घेऊन आले, पुडीत.

घरी आल्यावर सूनबाईने शांतपणे सांगितलं, "आई, डॉक्टरांनी सहा महिने वरचं काहीच द्यायचं नाही म्हटलंय, गुटी पण नाही." मी जरा फुगले. आमच्या घरात चार पिढ्या गुटीवर वाढल्या वगैरे जे काय बोलायचं ते बोलले. पण रात्री झोप येईना तेव्हा विचार केला की सहाण कोणी कितपत स्वच्छ धुतलीय, वेढे कोणी मोजलेत, आणि "असली" म्हणून दिलेलं असलीच आहे हे मला तरी कुठे कळतंय. पोरगी बरोबर बोलत होती. पुडी फ्रिजवर ठेवली ती तिथेच राहिली.

मग महिन्याभराने भाचा आला. हा आमचा भाचा वनस्पतीशास्त्रात एमएस्सी, पोहे खाताना ताटलीतल्या कोथिंबिरीचं कूळ सांगणाऱ्यातला. त्याने पुडी उघडली आणि म्हणाला, "मावशी, हे तर तुझ्या बटरकपचं भावंड आहे."

माझं बटरकप, म्हणजे एक पिवळं रानफूल. हां, ते सांगायचं राहिलं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही उत्तराखंडात व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला गेलो होतो, नेहरू पार्कात सकाळी फिरणारा आमचा ग्रुप, अकरा जणं, सरासरी वय साठच्या वर, आणि सामानात निम्मी शेव. सगळे सांगत होते जुलैअखेर नाहीतर ऑगस्टमध्ये जा, तेव्हा फुलं असतात, पण एकाच्या मुलीची डिलिव्हरी, एकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन असं करता करता आम्ही गेलो जूनच्या शेवटी. देहरादूनच्या गाडीने हरिद्वार, मग जोशीमठ, गोविंदघाट, पुलनापर्यंत जीप, आणि तिथून घांगरियापर्यंत पायी, ज्यांचे गुडघे बोलत होते ते खेचरावर. दुसऱ्या दिवशी घाटीत. आणि घाटीत काय, तर हिरवळ, धुकं, नाल्यांवर मळकट बर्फाचे पूल, आणि इथे तिथे थोडीशी फुलं. ग्रुपमध्ये कुरबुर सुरू झाली. एक काका तर सरळ म्हणाले की एवढे पैसे घालून आलो, यापेक्षा श्रावणात पातालपाणीला जास्त फुलं असतात. (खोटं नव्हतं ते. श्रावणातला पातालपाणी बघितला असेल तर तुम्हालाही पटेल.)

मी थोडी मागे राहिले होते कारण दम लागला होता. बसले एका दगडावर. समोर बर्फाचा एक पट्टा वितळत होता, आपल्याकडे जुन्या फ्रिजमध्ये बर्फ साठतो आणि बंद केल्यावर कडेने सुटायला लागतो तसा, खालून पाण्याची बारीक धार, आणि बर्फाच्या कडेपासून हातभर अंतरावर, चिखलात, अजून मागच्या वर्षीचं गवत लोळलेलं होतं तिथे, पिवळी फुलं. चार-पाचच. रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान. पाच पाकळ्या. पण चमक अशी की मला आधी वाटलं कोणीतरी चॉकलेटचा सोनेरी कागद टाकलाय. खरंच वाटलं, आणि मी मनातल्या मनात शिवी पण घातली.

फोटो काढायला म्हणून मी पायवाट सोडून खाली उतरले. दोन पावलंच. वरून आमच्या गाइडचा आवाज आला, "मैडम, पाँव देख के!" तो भ्यूंडार गावचा मुलगा, असेल बावीस-तेवीसचा. मी खाली पाहिलं. माझ्या बुटाखाली ओल्या मातीत पाचाची तीन फुलं झाली होती. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं, आणि त्या ओशाळलेपणातच मी जे केलं ते परवापर्यंत ह्यांनाही सांगितलं नव्हतं. राहिलेल्यातलं एक फूल तोडलं आणि डायरीत घातलं. राष्ट्रीय उद्यान आहे, पान तोडायचीही परवानगी नाही, गेटवर बोर्ड आहे, बोर्ड मी वाचला होता. तरी.

परत आल्यावर फोटो भाच्याला पाठवले होते, "बघ किती बटरकप!" म्हणून. त्याचं उत्तर आलं की हे पोटेन्टिला, हे पण पोटेन्टिला, हे कॅल्था म्हणजे इंग्रजीत ज्याला दलदलीतला झेंडू म्हणतात ते, ते बटरकपच्या कुळातलं आहे पण बटरकप नाही, आणि खरं बटरकप फक्त ते एक, शेवटच्या फोटोतलं, ज्याच्या बाजूला बूट दिसतोय. मग ओळखायची खूण त्याने शिकवली. चमक ही पहिली. दुसरी म्हणजे पाकळी उपटून (उपटू नकोस, असंही लिहिलं होतं, त्याला काय माहीत) तिच्या मुळाशी बघायचं, तिथे एक चिमुकला खवला असतो, नखाने उचकटता येईल एवढासा, आणि त्या खवल्याखाली मध. मी डायरी उघडून चष्मा लावून पाहिलं. होता खवला.

त्या चमकेवर तर मी नंतर बरंच वाचलं. पाकळीची वरची त्वचा काचेसारखी सपाट, पिवळा रंग तिच्यातच भरलेला, तिच्याखाली हवेची पोकळी, आणि त्याखाली पिठूळ पेशींचा थर जो प्रकाश परत वर फेकतो. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये हे नीट मोजून दाखवलं. थोडक्यात बर्फीवर वर्ख लावावा तसा वर्ख, फक्त हा आतून लावलेला. तिकडची पोरं म्हणे हे फूल एकमेकांच्या हनुवटीखाली धरतात, हनुवटी पिवळी दिसली तर तुला लोणी आवडतं. सगळ्यांचीच पिवळी दिसते, अर्थात. आणि त्याचं शास्त्रीय नाव रॅननक्युलस, लॅटिनमध्ये याचा अर्थ छोटा बेडूक, कारण ह्यातल्या बऱ्याच जाती पाणथळ जागी राहतात. बेडकुली! मराठीत ह्याला नाव सापडलं नाही याचं मला वाईट वाटलं होतं, मग म्हटलं हे काय वाईट आहे.

आपल्याकडे नाव रुळलेलं नाही कारण आपल्याकडे ते नाहीच जवळपास. इंदूर साडेपाचशे मीटरवर, आणि आम्ही ज्याला डोंगर म्हणून मुलांना दाखवायला नेतो ते जानापाव, तेही साडेआठशेच्या आसपास. उत्तरेकडे तलावांच्या, नद्यांच्या काठी एक जात उगवते तिला हिंदीत जलधनिया म्हणतात, आणि खाली निलगिरी-पळणीच्या डोंगरमाथ्यांवरच्या गवतात एक जात आहे, रेनिफॉर्मिस, जी दक्षिणेतल्या पश्चिम घाटाच्या डोंगरांशिवाय कुठेच नाही, आणि तिच्या गवतावर इंग्रजांच्या काळापासून निलगिरीची आणि वॉटलची (ऑस्ट्रेलियन बाभळीची) झाडं लावत लावत गवतच आटत गेलं. झाडं लावणं म्हणजे पुण्य हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की गवतावर झाड लावून कोणाचं घर मोडलं हे कोणी विचारत नाही.

पण कुळातली बाकीची मंडळी ओळखीची निघाली. कलौंजी, जिला आमच्या आईकडे कांद्याचं बी म्हणायचे आणि जिचा कांद्याशी काडीचा संबंध नाही, ती ह्याच कुळातली. शेजारच्या शर्मा आंटींच्या कैरीच्या लोणच्यात ती असते, आमच्या लोणच्यात नसते, आणि ह्यावरून तीस वर्षं आमचं प्रेमाचं भांडण आहे. सह्याद्रीतली मोरवेल ह्याच कुळातली, नीळवंती ह्याच कुळातली. आणि हे अतिविष, जे मी स्वतः सहाणेवर उगाळून मुलाला चाटवलं, ते पण.

अतिविषाचं झाड हिमालयात साधारण अडीच ते साडेचार हजार मीटरवर उगवतं, म्हणजे ह्या पिवळ्या फुलाचा शेजारीच. निळसर-हिरवट फूल, टोपीसारखं. खरी मजा जमिनीखाली. तिथे दोन गाठी असतात, एक आईची आणि एक लेकीची. आई त्या वर्षीचं फूल, फळ, बी सगळं करते आणि संपते, लेक हिवाळाभर बर्फाखाली निजते आणि पुढच्या वर्षी तीच आई होते. भाच्याने हे सांगितलं तेव्हा मी नकळत पाळण्याकडे बघितलं, मग हसू आलं. तर खणणारा काय करतो, दोन्ही उपटतो. आणि बहुतेक वेळा बी पिकायच्या आधीच उपटतो, कारण थांबला तर दुसरा उपटून नेईल. म्हणजे आई गेली, लेक गेली, बी पण नाही. पुडीतल्या गाठी मी परत बाहेर काढून पाहिल्या. आई कुठली, लेक कुठली, काही कळेना. जगभरची जी लाल यादी असते धोक्यातल्या जिवांची, तिच्यात हे "धोक्यात" ह्या वर्गात आहे. शेती करता येते, श्रीनगर गढवालला उंचावरच्या वनस्पतींवर काम करणारं केंद्र आहे तिथे बरीच वर्षं प्रयत्न चालू आहेत, पण बी पेरल्यापासून विकण्याजोगी गाठ व्हायला तीन-चार वर्षं लागतात, आणि गरीब माणूस चार वर्षं थांबेल का खुरपं घेऊन वर जाईल.

म्हणून खुरपंवाल्याला मी दोष देत नाही. घेणारी मी आहे ना.

आता बटरकपला कोणी खणत नाही, कोणाच्या गुटीत ते जात नाही, ताजं चुरडलं तर उलट त्यातून अंग भाजेल असं द्रव्य निघतं, गुरं सहसा तोंडही लावत नाहीत (वाळलं की ते द्रव्य निघून जातं, गवताच्या गंजीत चालतं). मग त्याला भीती कशाची? मला आधी वाटलं होतं एवढ्या वर, बर्फाच्या कडेला, कोण जातंय त्रास द्यायला.

युरोपात आल्प्स पर्वतात एक हिमनदीचं बटरकप आहे, ग्लेशियालिस, पांढरं फूल, म्हातारं होताना गुलाबी होत जातं. ते फिन्स्टरआरहॉर्न नावाच्या शिखरावर जवळपास ४२७० मीटरवर सापडलं होतं आणि कित्येक वर्षं आल्प्समधलं सगळ्यात उंचावरचं फूल म्हणून त्याचाच मान, मग डोम शिखरावर ४५०५ मीटरवर दुसरंच एक फूल सापडलं आणि पहिला नंबर गेला. ह्या ग्लेशियालिसला उन्हाळा म्हणून मिळतात जेमतेम दोन-अडीच महिने. तेवढ्यात कळी धरून, फुलून, बी करणं जमणार नाही, म्हणून ते पुढच्या वर्षीच्या कळ्या ह्या वर्षीच तयार करून ठेवतं. आपण उन्हाळ्यात वाळवणं करून डबे भरतो तसंच, कुरडया, पापड, सांडगे, वर्षाची बेगमी. आणि त्या कळ्या टिकतात कशाच्या जिवावर, तर बर्फाच्या. आपल्याला वाटतं बर्फ म्हणजे थंडी, पण त्या झाडाला बर्फ ही गोधडी आहे, वर हवा उणे पंधरा-वीस असली तरी खाली शून्याच्या आसपासच राहतं. आता गरमी वाढली, बर्फ लवकर वितळला, तर गोधडी लवकर निघाली, झाड जागं झालं, आणि मग मागाहून एखादी कडाक्याची रात्र आली की भरलेले डबेच्या डबे खराब. गरमीने फूल थंडीने मरतं, हे मला दोनदा वाचावं लागलं तेव्हा समजलं.

अमेरिकेत कोलोराडोच्या डोंगरात एक आहे, अडोनियस, ते तर बर्फाच्या उरलेल्या थरातूनच डोकं वर काढतं, आणि दिवसभर सूर्याकडे तोंड फिरवत राहतं, सूर्यफुलाचं फुकट नाव झालंय, पूर्ण उमललेलं सूर्यफूल फिरत नाही, हे फिरतं. कशासाठी, तर वाटीत ऊब साठवायला. त्या उबेत माश्या येऊन बसतात, परागकण रुजतात. थंडीतल्या सकाळी आपण उन्हाच्या पट्ट्याबरोबर खुर्ची सरकवत नेतो तसं.

ही झाली बर्फ जाण्याची भीती. दुसरी जरा उलगडून सांगावी लागेल. २०१८ साली युरोपातल्या ३०२ शिखरांचा एक मोठा अभ्यास आला, जुन्या नोंदी आणि नव्या नोंदी मिळून १४५ वर्षांचा हिशेब. त्यात असं निघालं की शिखरांवर झाडांच्या जाती वाढताहेत, आणि २००७ ते २०१६ ह्या दहा वर्षांत ज्या वेगाने वाढल्या तो पन्नास वर्षांपूर्वीच्या दहा वर्षांच्या पाचपट. ऐकायला छान वाटतं ना, वाढताहेत. आमच्या जुन्या घरी, रामबागेत, मे महिन्यात सगळे गच्चीवर झोपायचे. खालच्या मजल्यावरचे भाडेकरू पण वर यायचे, गाद्या घेऊन, तांब्या घेऊन, पोरं घेऊन. गच्ची भरून जायची, गप्पा, मजा. पण गच्चीवरच्या खोलीत राहणारे एक मास्तर होते, एकटे, त्यांची खाट कडेला सरकत सरकत शेवटी टाकीला टेकली. ते कुठे जाणार? गच्चीच्या वर टाकी आणि टाकीच्या वर आकाश. शिखरावरची जी मूळची मंडळी, ही ग्लेशियालिससारखी, ती मास्तर आहेत. खालून उंच वाढणारं गवत, झुडपं वर चढली की ह्यांना सावलीत जगता येत नाही, भांडता येत नाही, ह्यांनी आयुष्यभर फक्त थंडी सोसायची सवय केलेली. मास्तर काही बोलायचे नाहीत हेही मला आत्ता लिहिताना आठवलं.

आणि तिसरा शत्रू सगळ्यात गमतीशीर, कारण तो आपल्याकडूनच गेला. न्यूझीलंडमध्ये जगातलं सगळ्यात मोठं बटरकप आहे, लायली, लोक त्याला माउंट कुकची लिली म्हणतात पण लिली वगैरे नाही. कमरेएवढं उंच होतं, पांढरी फुलं, आणि पान असं गोल की मधोमध देठ, कमळाच्या पानासारखं, त्यावर आपलं अख्खं थालीपीठ मावेल. त्या देशात वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणीच नव्हता, त्यामुळे तिथल्या झाडांना चरणारं तोंड काय असतं हेच ठाऊक नव्हतं. मग १९०४ साली शिकारीची हौस म्हणून इंग्लंडमधल्या एका ड्यूकच्या कळपातले हिमालयी थार तिथे माउंट कुकजवळ सोडले. थार म्हणजे आपला डोंगरबकरा, उत्तराखंडातला, आयाळवाला. तो तिथे असा मातला की १९९३ मध्ये सरकारला आराखडा करून ठरवावं लागलं की दहा हजारांच्या वर थार नकोत, वर गेले की मारायचे. आणि त्याला तिथे आवडीने खायला काय, तर ही लायलीची रसाळ पानं. इकडे हिमालयात थारच कमी होत चाललाय, तिकडे तो जास्त होऊन बटरकप खातोय. भाचा म्हणाला, मावशी, हे म्हणजे इंदुरी माणूस पुण्यात जाऊन शेव विकून श्रीमंत झाल्यासारखं आहे. मला उपमा काही पटली नाही पण हसले.

म्हणून मी त्याला म्हटलं, सोपं आहे की, चरणारी जनावरं बंद करा, झालं. तर ते पण सोपं नाही. ऑस्ट्रेलियातल्या कोशियुस्को डोंगरावर एक पांढरं बटरकप आहे, अॅनेमोनियस, मेंढ्या आणि गुरांनी त्याला खाऊन खाऊन दगडांच्या कपारींत कोंडलं होतं, १९४४ साली तिथे राखीव उद्यान झालं, मग हळूहळू चराई बंद झाली आणि ते कपारीतून परत बाहेर पसरलं. हे चांगलं झालं. न्यूझीलंडमध्येच कॅसल हिल म्हणून चुनखडीच्या दगडांची जागा आहे, तिथल्या भुसभुशीत चुऱ्यात उगवणारं एक बटरकप आहे, दुसरीकडे कुठेच नाही, त्याच्यासाठी १९५४ मध्ये कुंपण घालून जागा राखली. मेंढ्या गेल्या, पण मग तण आलं. आणि आमच्या ह्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये १९८२ ला राष्ट्रीय उद्यान झाल्यावर चराई बंद झाली, तर अमेला नावाचं एक उंच तण असं माजलं की वनखात्याला माणसं लावून दरवर्षी उपटावं लागतं. चराई बंद केली म्हणून ते माजलं का आणखी कशाने, ह्यावर जाणकारांत वाद आहेत. आमचा तो गाइड चालता चालता सहज म्हणाला होता की त्याचे आजोबा इथे मेंढ्या घेऊन यायचे, "तब इतना अमेला नहीं था, दादा बोलते थे." तेव्हा मी हूं हूं केलं आणि पुढे गेले, कारण माझं लक्ष बर्फाच्या पुलावर होतं. आज वाटतं तिथेच त्याला बसवून चहा पाजून सगळं विचारायला हवं होतं. १९३१ साली कामेट शिखर चढून परतणारे गोरे लोक ह्या घाटीत उतरले आणि मग जगाला ती कळली असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ज्याच्या आजोबांच्या मेंढ्या तिथे चरत होत्या त्याला ती कळायची बाकी नव्हती.

माणसांच्या पायांचं तर काय बोलायचं, माझाच बूट फोटोत आहे. वरच्या बुग्याळांवर, म्हणजे गवताळ उतारांवर, मे-जूनमध्ये कीडाजडी, म्हणजे अळीवर उगवणारी औषधी बुरशी, शोधायला गावंच्या गावं वर चढतात, तंबू ठोकतात, गुडघ्यांवर रांगत इंचइंच जमीन बघतात, चुलीसाठी तिथली झुडपं तोडतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत बर्फाच्या कडेची फुलं उमलत असतात. वर पर्यटक. २०१८ मध्ये उत्तराखंडच्या हायकोर्टाने बुग्याळांवर रात्री मुक्कामाला बंदी घातली, एकावेळी दोनशेपेक्षा जास्त पर्यटक नकोत म्हणाले. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ह्यावरून वाद झाला होता, एकाचं म्हणणं की गरिबांच्या पोटावर पाय. आहेच ते. पण तीन हजार मीटरवरचं ओलं गवत एकदा बुटांनी दाबलं गेलं की ते आपल्या लॉनसारखं पंधरा दिवसांत उठत नाही, वर्षं लागतात, तिथे वाढायला वेळच मिळत नाही कशाला. मी स्वतः परत जाईन का? जाईन. वाटेवरून.

तर परवाची गोष्ट. भाचा आला होता, बोलता बोलता मी डायरी काढली आणि चोरी कबूल केली, ह्यांच्यासमोरच. हे एवढंच म्हणाले, "तरीच तू त्या दिवशी जेवली नाहीस नीट." फूल बघितलं तर पिवळा रंग पार उडालेला, जुन्या लग्नपत्रिकेसारखा पांढरट, पण डायरी तिरकी करून ट्यूबलाइटखाली धरली की एका पाकळीवर अजून किंचित चमक होती. नात मांडीवर होती, पाच महिन्यांची, नुकतीच हात मारायला शिकलेली. माझ्या काय मनात आलं, मी ती पाकळी चिमटीत उचलली आणि तिच्या हनुवटीखाली धरली. लोणी आवडतं का बघू. काही दिसलं नाही, पिवळं नाही, काहीच नाही. म्हणून दिव्याकडे थोडी फिरवली, तेवढ्यात तिने झडप घातली आणि मूठ मिटली.

सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आली. "आई! काय दिलंत हातात? ते विषारी आहे ना, दादाच म्हणाले होते!" भाचा म्हणतोय वाळलेलं आहे, काही नाही होत, आणि ती काही ऐकत नव्हती, एक एक बोट उलगडत होती. मुठीत पांढरा चुरा, घामाने चिकटलेला. तिने ओल्या फडक्याने तळवा पुसला, दोनदा, मग वास घेऊन बघितला, मग फ्रिजवरची पुडी उचलली आणि मला विचारलं, "आणि हे कधी टाकायचं?"

मी म्हटलं, राहू दे.